तारीख ठरवण्याआधी तालमीला विचारा

२१ डिसेंबर २०२३ रोजी भारतीय कुस्ती महासंघाची निवडणूक झाली आणि संजय सिंह अध्यक्षपदी निवडून आले. त्याच दिवशी जाहीर झाले की, १५ आणि २० वर्षांखालील मुलामुलींच्या राष्ट्रीय स्पर्धा वर्ष संपण्याआधीच उरकल्या जातील. ठिकाण होते उत्तर प्रदेशातल्या गोंडा जिल्ह्यातले नंदिनीनगर आणि तारखा २८ ते ३० डिसेंबर. घोषणा आणि पहिली कुस्ती यांच्यात जेमतेम एक आठवडा होता. ऐन थंडीत गोंडा गाठायचे, रेल्वेचे आरक्षण मिळवायचे, राज्याचा संघ निवडायचा, त्याआधी जिल्ह्यांच्या चाचण्या घ्यायच्या आणि मुलांनी वजन गटात बसवायचे, हे सगळे त्या एका आठवड्यात व्हायचे होते.

तीन दिवसांनी, २४ डिसेंबरला, केंद्रीय क्रीडा मंत्रालयाने नवी कार्यकारिणी निलंबित केली. महासंघाच्या माजी अध्यक्षांवरील लैंगिक छळाच्या आरोपांवरून झालेले कुस्तीपटूंचे आंदोलन, साक्षी मलिकने सोडलेली कुस्ती आणि बजरंग पुनियाने पदपथावर ठेवलेली पद्मश्री यांनी तो आठवडा आधीच ढवळून निघाला होता. तरीही मंत्रालयाने कारवाईसाठी पुढे केलेले मुख्य कारण कुमारांच्या स्पर्धांचे होते. ही घोषणा घाईची आहे, स्पर्धा कुठे घ्यायच्या हे महासंघाच्या घटनेप्रमाणे कार्यकारी समितीने ठरवायचे असते आणि त्या समितीच्या बैठकीला पंधरा दिवसांची सूचना द्यावी लागते, असे मंत्रालयाने बजावले. पोरांच्या स्पर्धेची तारीख आणि जागा ठरवण्याच्या पद्धतीवरून देशातली एक क्रीडा संघटना निलंबित झाली. कुस्तीच्या कारभारात ज्या कामाला कारकुनी समजले जाते, त्याचे वजन किती आहे ते यातून दिसले.

महासंघाचे म्हणणेही पोकळ नव्हते. कुस्तीतले वयोगट जन्मवर्षावरून मोजतात. २००८ साली जन्मलेल्या मुलासाठी २०२३ हे १५ वर्षांखालील गटाचे शेवटचे वर्ष होते आणि २००३ साली जन्मलेल्यासाठी २० वर्षांखालील गटाचे. १ जानेवारी उजाडली की दोघांचीही पात्रता संपणार होती. जानेवारी २०२३ पासून महासंघाचा कारभार विस्कळीत होता, ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेने त्याला निलंबित केले होते आणि वर्षभर मुलांच्या हक्काच्या स्पर्धा रखडल्या होत्या. त्यांचे वर्ष वाया जाऊ नये म्हणून ही घाई, असे अध्यक्ष सांगत होते. राज्य संघटनांची संमती असल्याचाही दावा झाला. दुसऱ्या बाजूने साक्षी मलिक विचारत होती की, ज्या भागात माजी अध्यक्ष ब्रिजभूषण शरण सिंह यांचा दबदबा आहे, तिथे कुमार गटातल्या मुलींनी जायचे कसे?

३ जानेवारी २०२४ रोजी उत्तर प्रदेश, हरियाणा आणि दिल्लीतून बसगाड्या भरून शेकडो कुमार कुस्तीगीर जंतरमंतरवर आले. आपले वर्ष बुडाले याचा राग त्यांनी आंदोलनातल्या बजरंग, साक्षी आणि विनेश फोगाट यांच्यावर काढला. त्याच दिवशी महासंघाचा कारभार पाहणाऱ्या हंगामी समितीने सांगितले की, या गटांच्या स्पर्धा सहा आठवड्यांत ग्वाल्हेरला होतील. पुन्हा एक घोषणा झाली आणि याही वेळी मुलांना तारीख वरूनच कळली.

त्या पंधरवड्यात प्रत्येक जण कुमार कुस्तीगिरांच्या नावाने बोलत होता. अध्यक्ष त्यांच्या वर्षाची काळजी करत होते, मंत्रालय त्यांच्या तयारीची आणि ज्येष्ठ मल्ल त्यांच्या सुरक्षिततेची. तिन्ही काळज्या खऱ्या होत्या. स्पर्धा कधी घ्यावी, कुठे घ्यावी, कितीला वजने घ्यावीत, मुलींसाठी काय करावे, हे त्या पोरांना, त्यांच्या वस्तादांना आणि आईवडिलांना मात्र कुणी विचारले नव्हते. राज्य संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी दिलेली संमती तालमीतल्या पोराची संमती होत नाही. जंतरमंतरवर बस भरून येणे हा त्या मुलांना उपलब्ध असलेला मत नोंदवण्याचा एकच मार्ग उरला होता.

दिल्लीतले हे चित्र महाराष्ट्राला परके नाही. जिल्हा निवड चाचणी अमुक तारखेला, असा निरोप चार-पाच दिवस आधी मोबाइलवर येतो आणि तालमीत धावपळ उडते, हा इथल्या वस्तादांचा नेहमीचा अनुभव. तालमी जिल्हा तालीम संघाच्या सभासद, जिल्हा संघ राज्य संघटनेचे सभासद आणि राज्य संघटना महासंघाची. कागदावर ही साखळी खालून वर जाते. तारखांचे निर्णय तिच्यातून फक्त वरून खाली येतात.

तारीख चुकली तर नेमके काय बिघडते, हे सोळा-सतरा वर्षांच्या पैलवानाच्या वर्षाकडे पाहिले की कळते. दिवाळीनंतर गावोगावच्या जत्रा-यात्रांची मैदाने सुरू होतात आणि चैत्र-वैशाखात ती भराला येतात. मैदानात मिळणाऱ्या इनामावर अनेक पोरांचा खुराक चालतो. दूध, तूप, बदाम, तालमीतल्या खोलीचा आणि खानावळीचा खर्च शेतकरी बापाला दर महिन्याला झेपत नाही, तेव्हा चार मैदाने मारलेला पोरगा तो स्वतः भागवतो. ऐन यात्रेच्या आठवड्यात राज्य स्पर्धा ठेवली की त्याला महिन्याचा खुराक आणि राज्याचे पदक यांतून एक निवडावे लागते.

त्यातच शाळा असते. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांनी जातात आणि त्यांचे वयोगट १४, १७ आणि १९ वर्षांखालील असे असतात. महासंघाचे गट १५, १७, २० आणि २३. एकच मुलगा दोन वेगळ्या वयोगणनांमध्ये, दोन वेगळ्या वेळापत्रकांवर खेळत असतो. शालेय विभागीय स्पर्धा आणि संघटनेची जिल्हा चाचणी एकाच आठवड्यात आली तर त्याने वजन दोनदा उतरवायचे किंवा एक स्पर्धा सोडायची. पुढे फेब्रुवारी येतो. २०२५ मध्ये बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली. जानेवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य हा काळ १७ वर्षांखालील आणि २० वर्षांखालील गटातल्या मोठ्या हिश्श्याला बंद असतो. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात आणि सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. ज्या स्पर्धेच्या प्रमाणपत्रावर हे लाभ टेकलेले असतात, तीच स्पर्धा परीक्षेच्या तोंडावर ठेवणे म्हणजे एका हाताने देऊन दुसऱ्याने काढून घेणे.

अभ्यास आणि खुराक यांच्यापेक्षाही नाजूक गोष्ट वजनाची. १७ वर्षांखालील मुलांच्या फ्रीस्टाइलमध्ये ४५ किलोपासून ११० किलोपर्यंत दहा गट आहेत. वाढत्या वयातल्या मुलाचे वजन दर महिन्याला बदलते. दोन महिने आधी तारीख कळली तर वस्ताद ठरवू शकतो की पोराने ५१ किलोत राहावे की ५५ मध्ये सुखाने खेळावे. चार दिवस आधी कळली तर पोरगा पाणी तोडतो, दुहेरी कपडे घालून धावतो, उपाशी राहतो. वजनाच्या काट्यावर काही ग्रॅमने काय होते ते ७ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी साऱ्या देशाने पाहिले. आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पोचलेली विनेश फोगाट दुसऱ्या दिवशीच्या वजनात ५० किलोपेक्षा १०० ग्रॅम जास्त भरली आणि बाद झाली. तिच्या दिमतीला डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि फिजिओ होते. तालुक्याच्या तालमीतल्या मुलाजवळ वस्तादाचा अनुभव आणि एक जुना काटा असतो.

वेळापत्रक बदलून जीव वाचतात याचा दाखलाही कुस्तीच्या इतिहासात आहे. १९९७ मध्ये ७ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर या जेमतेम महिन्याभरात अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर वजन झपाट्याने उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथल्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेने रबरी सूट आणि वाफेच्या खोल्या बंद केल्या आणि वजन घेण्याची वेळ लढतीच्या अगदी जवळ, एक-दोन तासांवर आणली. मध्ये भरपूर वेळ असला की शरीर कोरडे करून वजन द्यायचे आणि मग खाऊनपिऊन उभे राहायचे, ही सवय लागते. वेळ कमी केल्यावर तो मार्गच तोट्याचा ठरला. वजन सकाळी सातला घ्यायचे की आदल्या संध्याकाळी, हा प्रश्न मुलांच्या मूत्रपिंडाशी आणि हृदयाशी जोडलेला आहे. आयोजकाच्या सोयीने तो सोडवता येत नाही.

आता स्पर्धेच्या दिवसाकडे पाहू. १७ वर्षांखालील मुलाची कुस्ती दोन-दोन मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते. त्या चार मिनिटांसाठी तो पहाटे उठतो, उपाशीपोटी वजन देतो, मग उद्घाटनाची वाट पाहतो. पाहुणे उशिरा येतात, सत्कार लांबतात, भाषणे होतात. त्याची पहिली कुस्ती दुपारी लागते आणि दुसरी रात्री दहानंतर, दिव्यांच्या उजेडात. राहायची सोय शाळेच्या वर्गखोलीत सतरंजीवर. मोठ्या गटांच्या कुस्त्यांना गर्दी असते म्हणून त्या चांगल्या वेळी आणि लहान गटांच्या उरल्यासुरल्या वेळी, ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याबद्दल तक्रारही होत नाही. विचारले मात्र कोणत्याही वस्तादाला, तर तो एका दमात पाच सुधारणा सांगेल: लहान गट सकाळी संपवा, सत्कार अंतिम फेरीआधी ठेवा, एका दिवसात किती वजने होतील ते आधी छापा, जेवण वजनाच्या जागेजवळ ठेवा, मॅटवरचा घाम पुसायला माणूस नेमा.

मुलींना विचारले तर वेगळी यादी येईल. महाराष्ट्रात महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली आणि प्रतीक्षा बागडीने गदा उंचावली. त्यानंतर गावोगावच्या तालमींत मुली वाढल्या. स्पर्धांची मांडणी मात्र अजून मुलग्यांना डोळ्यांसमोर ठेवूनच होते. मुलींचे वजन घ्यायला बंद खोली आणि महिला अधिकारी आहे का, स्वच्छतागृह मैदानापासून किती लांब, मुक्काम वेगळ्या इमारतीत आहे का, रात्री उशिरा संपलेल्या कुस्तीनंतर मुलीला मुक्कामावर कोण पोचवणार, सोबत आई किंवा महिला प्रशिक्षक आणता येईल का? ज्येष्ठ कुस्तीपटूंच्या आंदोलनानंतर हे प्रश्न शिष्टाचाराचे राहिलेले नाहीत. भर बैठकीत, पन्नास पुरुष पदाधिकाऱ्यांसमोर पंधरा वर्षांची मुलगी ते विचारणार नाही. तिचे मत वेगळे, लेखी आणि नाव न लिहिता घ्यावे लागेल.

महाराष्ट्रात या सगळ्यावर आणखी एक ओझे आहे. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ मध्ये राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरी सुरू झाली. २०२२ मध्ये महासंघाने परिषद बरखास्त केली आणि राज्यात दोन संघटनांचा संसार सुरू झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये फुलगावला सिकंदर शेख महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला शिवराज राक्षे. २०२५ मध्ये फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ जिंकला, मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके. राष्ट्रीय पातळीवरही हेच घडून गेले होते. जानेवारी २०२४ च्या अखेरीस निलंबित महासंघाने पुण्यात वरिष्ठ गटाची राष्ट्रीय स्पर्धा घेतली आणि लगेच हंगामी समितीने जयपूरला दुसरी. पुण्यातली स्पर्धा मान्यताप्राप्त नाही, असे क्रीडा मंत्रालयाने स्पष्ट केले होते.

नावाजलेला मल्ल दोन गदांच्या वादात तग धरू शकतो. सोळा वर्षांच्या पोराला ते परवडत नाही. कुठल्या संघटनेच्या चाचणीला जायचे, कुठले प्रमाणपत्र नोकरीच्या अर्जाला चालेल, एकीकडे खेळलो तर दुसरीकडचे दार बंद होईल का, हे प्रश्न त्याच्यावर पडतात आणि उत्तर द्यायला कुणी नसते. पुढाऱ्यांचा समेट व्हायचा तेव्हा होवो. तोपर्यंत दोन्ही संघटनांना एक गोष्ट करता येईल: १५, १७ आणि २० वर्षांखालील गटांच्या तारखा एकमेकांवर येणार नाहीत असे एकच पत्रक काढणे आणि ते काढण्याआधी तालमींचे म्हणणे ऐकणे.

ऐकायचे कसे, हा खरा मुद्दा. वार्षिक सभेत "कुणाला काही सूचना?" असे विचारले की शांतता पसरते किंवा जुने हिशेब निघतात. संघटनेला उपयोगी पडतील अशी मते हवी असतील तर प्रश्न नेमके असावे लागतात. राज्य स्पर्धेसाठी तीन कालखंड ठेवून त्यांतला सोयीचा कोणता आणि अडचणीचा कोणता, ते विचारावे. प्रत्येक गटाची स्पर्धा एका दिवसात संपवावी की दोन दिवसांत, वजन किती वाजता घ्यावे, शेवटची कुस्ती किती वाजेपर्यंत लागावी, मुलींची स्पर्धा वेगळ्या दिवशी हवी की एकत्र, हेही. मॅटबरोबर मातीचा विभाग कुमार गटात ठेवावा का? प्रवेश शुल्क किती झेपेल? तारीख किती दिवस आधी कळायला हवी? असे दहा-बारा प्रश्न मराठीत एका पानावर मावतात.

ते पान वाटायची जागाही तयार आहे. जिल्हा निवड चाचणीच्या दिवशी जिल्ह्यातला प्रत्येक होतकरू कुस्तीगीर वजनाच्या रांगेत उभा असतो. सोबत त्याचा वस्ताद असतो आणि अनेकदा वडील. वजन देऊन झाले की लॉट्स पडेपर्यंत त्यांना वेळच वेळ असतो. त्याच टेबलावर कागद द्यावा, बंद पेटीत घ्यावा. जागतिक कुस्ती संघटनेने २०२४ मध्ये भारतीय महासंघावरचे निलंबन उठवताना खेळाडू आयोगाची निवडणूक घ्यायला लावली. मतदान फक्त खेळाडूंनी करायचे आणि निवडणूक चाचणी किंवा वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी घ्यायची, अशी अट तिने घातली होती. त्यामागचे कारण साधे होते: खेळाडू जिथे एरवीच जमतात, तिथेच त्यांना विचारले तर खरी मते मिळतात. पुढे त्या आयोगाच्या अध्यक्षपदी तीन वेळचा महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव निवडून आला. राष्ट्रीय पातळीवर जे घडू शकले, ते जिल्ह्याच्या आखाड्यात घडायला काहीच अडचण नाही.

मते चार वेगळ्या ढिगांत मोजायला हवीत: कुस्तीगीर, वस्ताद, पालक आणि पंच. पंचांना दिवसाला किती कुस्त्या नीट देता येतात ते त्यांनाच ठाऊक असते. थकलेल्या पंचाच्या चुकलेल्या गुणाने पोराचे वर्ष जाते आणि मैदानात भांडणेही होतात. पालकांचे मत परीक्षा आणि खर्च यांसाठी मोलाचे, वस्तादांचे तयारीसाठी आणि पोरांचे स्वतःच्या शरीरासाठी. सगळी मते एकाच टोपलीत टाकली तर संख्येने मोठा गट बाकीच्यांना झाकून टाकतो.

हीच अडचण जिल्ह्यांची. कोल्हापूर, पुणे, सांगली, सोलापूर या पट्ट्यात तालमी दाट आहेत. एक तालीम एक मत असा हिशेब केला तर प्रत्येक स्पर्धा पश्चिम महाराष्ट्रातच होईल आणि तिथल्या यात्रा सांभाळूनच होईल. गडचिरोली, नंदुरबार किंवा हिंगोलीच्या पोराला दरवेळी रात्रभराहून अधिक प्रवास करून, आखडलेल्या अंगाने वजन द्यावे लागेल. म्हणून तालमींच्या मतांबरोबर जिल्हावार मतेही मांडावीत आणि जागा ठरवताना विभागांची पाळी ठेवावी. विदर्भात उन्हाळ्याच्या तोंडावर उघड्या मैदानात कुस्त्या लावणे जिकिरीचे असते, कोकणात पावसाळा लवकर दार ठोठावतो, मराठवाड्यातली काही घरे ऊसतोडीच्या हंगामात गावात नसतात. पुण्यात बसून कॅलेंडर आखणाऱ्याला हे सगळे माहीत असेलच असे नाही. ज्यांना माहीत आहे, त्यांना विचारणे स्वस्त आहे.

काही गोष्टी मात्र मतदानाला ठेवता कामा नयेत. वयाच्या दाखल्यांची काटेकोर तपासणी, मैदानावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका, मुलींच्या सुरक्षिततेची व्यवस्था आणि दोन कुस्त्यांमधली विश्रांती हे नियम आहेत. बहुमताने ते ढिले करता येत नाहीत. विश्रांतीचे महत्त्व महाराष्ट्राइतके कुणाला कळावे? १९५२ मध्ये हेलसिंकीला खाशाबा जाधव जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ लढत देऊन बाहेर आले आणि लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोवसमोर उभे केले गेले. मध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. ती मागायला भारताचा अधिकारी जागेवर नव्हता. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक कांस्य ठरले. गोळेश्वरच्या या मल्लाचे नाव प्रत्येक स्पर्धेच्या फलकावर छापले जाते. त्याच फलकाखाली एखाद्या पोराची दुसरी कुस्ती पहिलीनंतर दहा मिनिटांत पुकारली जात असेल, तर त्याच्या बाजूने बोलणारा माणूस मैदानात असायलाच हवा आणि तो कोण, हे स्पर्धेआधी ठरलेले हवे.

या सूचनांवर पदाधिकारी काय म्हणतील याचाही अंदाज बांधता येतो. सगळ्यांना विचारत बसलो तर स्पर्धा कधीच होणार नाही, असे ते म्हणतील. राष्ट्रीय स्पर्धेची तारीख महासंघ ठरवतो आणि ती उशिरा कळली की राज्याच्या हातात काही राहत नाही, हेही सांगतील. प्रायोजक आणि स्थानिक आमदार ज्या तारखेला होकार देतात ती तारीख धरावी लागते, हे तर उघड गुपित आहे. या अडचणी खऱ्या आहेत. मॅट, मंडप, पंचांचे मानधन आणि हजारभर माणसांचे जेवण यांचा खर्च कुणीतरी उचलावा लागतो आणि जिल्हा तालीम संघांचे अनेक कार्यकर्ते पदरमोड करून राबतात. त्यांच्या कष्टांची कदर व्हायलाच हवी.

पण विचारण्याने उशीर होतो, हा समज तपासून पाहावा. मते मोजण्याचे काम स्पर्धा जाहीर झाल्यावर करायचे नसून हंगाम संपताना, जून-जुलैत करायचे आहे. पावसाळ्यात मैदाने थांबलेली असतात आणि तालमीत फक्त मेहनत सुरू असते. तेव्हा चाचण्यांमध्ये जमलेली मते मोजली, ऑगस्टमध्ये आराखडा जाहीर केला, हरकतींना पंधरा दिवस दिले, तर दसऱ्याआधी वर्षाचे पत्रक छापून होते. राष्ट्रीय तारखा उशिरा आल्या तरी कोणता आठवडा कुणालाच चालत नाही, हे राज्य संघटनेला आधीच ठाऊक असेल आणि महासंघाकडे तसे लेखी म्हणणेही मांडता येईल. प्रायोजकालाही चार महिने आधी ठरलेली तारीख अधिक सोयीची असते. रेल्वेचे आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवसांवर आले आहे. म्हणून राज्याबाहेरच्या कोणत्याही स्पर्धेची तारीख आणि गाव किमान साठ दिवस आधी कळणे हा साधा मापदंड ठेवता येईल. तेवढे जमले तरी पोरांना रेल्वेच्या डब्यात दाराजवळ वर्तमानपत्र अंथरून राष्ट्रीय स्पर्धेला जावे लागणार नाही.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. मते घ्यायची आणि ठरवायचे तेच ठरवायचे, असे झाले तर विचारणे हा देखावा होतो. त्यावर उपाय म्हणजे निकाल जाहीर करणे. किती कुस्तीगिरांनी, किती वस्तादांनी काय म्हटले ते जिल्हावार छापावे आणि बहुसंख्यांचे म्हणणे मानले नसेल तर कारण एका ओळीत द्यावे: सभागृह मिळाले नाही, राष्ट्रीय स्पर्धा अमुक तारखेला आली, डॉक्टरांनी हरकत घेतली. कारण पटले नाही तरी चालते, ते सांगितलेले असावे. डिसेंबर २०२३ मध्ये नंदिनीनगरच का आणि आठवडाभरातच का, याची उत्तरे निर्णयाआधी लेखी मांडली गेली असती, तर त्यावर आक्षेप आले असते, पर्याय सुचले असते आणि कदाचित मुलांचे वर्षही वाचले असते.

संसदेने २०२५ मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा मंजूर केला. राष्ट्रीय संघटनांच्या कारभारात खेळाडूंना प्रतिनिधित्व देण्याची तरतूद त्यात आहे. ही मोठी सुधारणा आहे, पण तिचा उजेड जिल्ह्यापर्यंत आपोआप पोचणार नाही. राष्ट्रीय समितीत बसणारा माजी ऑलिंपियन चौदा वर्षांच्या पैलवानाच्या सहामाही परीक्षेचे वेळापत्रक पाहू शकत नाही. ते काम जिल्हा तालीम संघांनाच करावे लागेल आणि त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. प्रत्येक जिल्हा संघाने एक कुमार कुस्तीगीर, एक मुलगी, एक पालक आणि एक महिला प्रशिक्षक यांना स्पर्धा नियोजनाच्या बैठकीला बोलवावे आणि त्यांचे म्हणणे इतिवृत्तात नोंदवावे. क्रीडा खात्याच्या जिल्हा अधिकाऱ्यालाही त्याच टेबलावर बसवावे, म्हणजे शालेय स्पर्धा आणि संघटनेच्या चाचण्या एकमेकांवर आदळणार नाहीत.

राज्यातल्या दोन्ही संघटनांनी याची सुरुवात १७ वर्षांखालील गटापासून करावी. दहावी-बारावीची बरीच मुले याच गटात असतात, वजनाची ओढाताण इथे सर्वाधिक आहे आणि खेळ सोडून देण्याचे वयही हेच. येत्या हंगामाच्या जिल्हा चाचण्यांमध्ये वजनाच्या टेबलावर प्रश्नावली ठेवावी. जमलेली मते दोन्ही संघटनांच्या दोन-दोन प्रतिनिधींनी एकत्र बसून मोजावीत. त्यांतून निघालेल्या तारखा क्रीडा खाते आणि शिक्षण मंडळ यांना कळवून पत्रक एकाच नावाने काढावे आणि ते प्रत्येक तालमीच्या दारावर लावावे. पत्रकावर चार गोष्टी ठळक हव्यात: स्पर्धेची तारीख, वजनाची वेळ, मुलींच्या मुक्कामाची जागा आणि तक्रार असल्यास कुणाला फोन करायचा त्या जबाबदार व्यक्तीचे नाव.